न घेतलेल्या गोळीचे भय : औषधांची ॲलर्जी आणि जीवनगुणवत्ता मोजण्याचा इतिहास

#इतिहास #धागा

१/ वाचकहो, केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेली 'पेनिसिलिनची ॲलर्जी' ही ओळ आपल्यापैकी पुष्कळांनी कुठे ना कुठे पाहिली असेल. तिच्यामागे कधी प्राणांवर बेतलेला प्रसंग असतो, तर कधी बालपणी अंगावर उठलेल्या पुरळाची अर्धवट आठवण. ती ओळ लिहिण्यास पाच सेकंद लागतात; ती वागवावी लागते आयुष्यभर. दाढ काढताना, बाळंतपणात, साध्या तापातही ती माणसाच्या आधी दवाखान्यात शिरते. या ओळीसह जगणे म्हणजे काय, हे वैद्यकशास्त्राने कधी विचारले? आणि त्याचे उत्तर आकड्यात कसे मांडले? आजचा धागा याविषयी.

२/ आरंभी शब्दांविषयी. मराठीत 'रिॲक्शन आली', 'गांधी उठल्या', 'पित्त उठले', 'ते औषध मला चालत नाही' असे आपण सहज म्हणतो. माधवनिदानात शीतपित्ताचे वर्णन आहे. आयुर्वेदात 'सात्म्य' आणि 'असात्म्य' या संकल्पना आहेत. परंतु म्हणून 'ॲलर्जी आपल्याकडे आधीच ठाऊक होती' असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. लक्षण ओळखणे वेगळे आणि त्यामागची यंत्रणा सांगणारी संकल्पना घडवणे वेगळे. ती संकल्पना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घडली, आणि तिची जन्मभूमी होती औषधाची सुई.

३/ १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी बर्लिनमध्ये प्रतिविष-रक्तद्रवाचा, म्हणजे सीरमचा, शोध प्रसिद्ध केला. लवकरच घोड्याच्या रक्तापासून केलेले सीरम घटसर्पाने घुसमटणाऱ्या मुलांना जीवदान देऊ लागले. १८९६ मध्ये मात्र बर्लिनमधील विकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट लांगरहान्स यांच्या लहानग्या मुलाला केवळ प्रतिबंधक म्हणून हे सीरम टोचले गेले आणि तो काही मिनिटांतच दगावला. जे औषध हजारोंना वाचवते, तेच एखाद्या निरोगी बालकाचा प्राण कसे घेते? वैद्यकाजवळ या प्रश्नासाठी तेव्हा शब्दही नव्हता.

४/ पहिला शब्द समुद्रावरून आला. मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या नौकेवर १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ सागरी जीवांच्या विषाचा अभ्यास करीत होते. फ्रान्समध्ये परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर चालू ठेवले. नेपच्यून नावाच्या कुत्र्याने पहिली मात्रा सहज सोसली. सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा मात्रा दिली, तेव्हा तो काही मिनिटांत मेला. सवयीने सहनशक्ती वाढावी, ती येथे उलटली होती. रिशेने या अवस्थेला 'ॲनाफिलॅक्सिस' म्हटले. १९१३ चे नोबेल पारितोषिक त्याला याच कार्यासाठी मिळाले.

५/ दुसरा शब्द व्हिएन्नाच्या बालरुग्णालयातून आला. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी सीरम टोचलेल्या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. पहिल्या टोचणीनंतर साधारण आठ ते बारा दिवसांनी ताप, पुरळ आणि सांधेदुखी. दुसऱ्या वेळी तीच लक्षणे कितीतरी लवकर. १९०५ मध्ये त्यांनी 'सीरमरोग' या विषयावर ग्रंथ लिहिला. १९०६ मध्ये पिर्केने शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादाला 'अन्य' आणि 'क्रिया' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून नाव दिले : ॲलर्जी. आज धूळ, परागकण, शेंगदाणे यांच्याशी जोडला जाणारा हा शब्द मुळात औषधाच्या अनुभवातून जन्मला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

६/ या पिढीने काय मोजले ते पाहा. टोचणी आणि लक्षण यांतील दिवस, तापाचे अंश, मृत्यूपर्यंतची मिनिटे. १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिश यांनी स्वीडनमध्ये ज्या प्रतिपिंडाचा शोध लावला, त्याला १९६८ मध्ये 'आयजीई' हे नाव मिळाले आणि मोजणी रक्तातल्या रेणूपर्यंत पोहोचली. परंतु मोजणीचा विषय बदलला नव्हता. तो होता 'घटना'. घटना संपली, रुग्ण वाचला, घरी गेला, की नोंदवही मिटत असे.

७/ फ्रेंच इतिहासकार ब्रोदेल याने घटना आणि दीर्घकाळ यांत केलेला भेद इतिहासप्रेमी वाचकांना परिचित आहे. लढाई एका दिवसाची असते; तिच्या छायेतले जगणे पिढ्यांचे असते. औषधाच्या ॲलर्जीचेही तसेच आहे. रिॲक्शन तासाभराची, फार तर काही आठवड्यांची. तिची छाया चाळीस वर्षांची. वैद्यकाच्या दप्तरात तो तास आहे, चाळीस वर्षे नाहीत. त्या वर्षांकडे पाहण्याची गरज का भासली, हे समजण्यासाठी पेनिसिलिनकडे वळावे लागेल.

८/ १९२८ मध्ये फ्लेमिंगला दिसलेली बुरशी १९४१ मध्ये फ्लोरी, चेन आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी रुग्णशय्येपर्यंत आली. महायुद्ध संपता संपता पेनिसिलिन सामान्य माणसाचे औषध झाले. इंजेक्शने, गोळ्या, मलमे, सर्व रूपांत ते मुबलक वापरले गेले. आणि १९४९ मध्ये अमेरिकन वैद्यकसंघाच्या नियतकालिकात पेनिसिलिनमुळे झालेल्या ॲनाफिलॅक्टिक मृत्यूची नोंद प्रसिद्ध झाली. ज्या औषधाने मृत्यूचे भय घालवले, त्याच औषधाचे भय आता जन्माला येत होते.

९/ या कथेचा एक धागा आपल्या दारातून जातो. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना स्थापन झाला. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे त्याला साहाय्य होते. पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले आणि त्याबरोबर इंजेक्शनापूर्वी कातडीखाली थोडे औषध टोचून वाट पाहण्याची 'टेस्ट डोस'ची पद्धतही आपल्या दवाखान्यांत रुजली. मनगटाच्या वरच्या बाजूस पेनाने काढलेले ते वर्तुळ आणि त्याकडे एकटक पाहणारी आई, हे विसाव्या शतकातील आपल्या आरोग्य-इतिहासाचे एक चित्रच आहे.

१०/ १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत इडसो आणि सहकाऱ्यांनी पेनिसिलिनच्या १५१ ॲनाफिलॅक्टिक मृत्यूंचा आढावा घेतला. पेनिसिलिन घेणाऱ्या दर एक लाख रुग्णांमागे दीड ते दोन मृत्यू, असा त्यांचा अंदाज होता. संख्या अल्प, तरीही ज्या घरात तो एक मृत्यू होई त्या घरासाठी ती शंभर टक्के. आणि ज्या डॉक्टरच्या टेबलासमोर तो होई, त्याच्या उरलेल्या कारकिर्दीसाठीही.

११/ भय हे इतिहासातील एक कर्ते बळ असते, याचा पुरावा संधिवाताच्या तापाच्या रुग्णांत सापडतो. हा ताप मुलांच्या हृदयाच्या झडपा निकामी करतो. तो उलटू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ११ देशांतील १,७९० रुग्णांचा अभ्यास आला. ३२,४३० इंजेक्शनांत ५७ जणांना ॲलर्जीची लक्षणे, चौघांना ॲनाफिलॅक्सिस, एकाचा मृत्यू. निष्कर्ष स्पष्ट होता : बहुतेकांसाठी औषध थांबवण्याचा धोका औषधाच्या धोक्याहून मोठा. तरीही भारतात अनेक ठिकाणी हे इंजेक्शन देण्यास डॉक्टर कचरतात. धोका मोजला गेला होता; भय मोजण्याचे साधन मात्र या अभ्यासात नव्हते.

१२/ आता दुसऱ्या प्रवाहाकडे. १९४६ मध्ये स्वीकारलेल्या आणि ७ एप्रिल १९४८ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत आरोग्याची व्याख्या केवळ रोगाचा अभाव एवढी न ठेवता शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्यापर्यंत विस्तारली गेली. त्याच सुमारास, १९४८-४९ मध्ये, न्यूयॉर्कमधील कर्करोगतज्ज्ञ डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी शून्य ते शंभर अशी एक श्रेणी मांडली. शंभर म्हणजे पूर्ण कार्यक्षम, शून्य म्हणजे मृत. प्रथमच औषधाचा परिणाम गाठीच्या आकाराऐवजी माणसाच्या हालचालीवरून तोलला जाऊ लागला. परंतु गुण देणार कोण? डॉक्टर. रुग्णाला कोणी विचारले नव्हते.

१३/ माणसाच्या मनोवृत्तीला आकडा देण्याची तंत्रे मात्र वैद्यकाबाहेर तयार होत होती. १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन समाजमानसशास्त्रज्ञाने 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पायऱ्यांची पट्टी मांडली. आज आपण कोणत्याही सर्वेक्षणात जी पाच पर्यायांची ओळ पाहतो ती त्याचीच देणगी. १९५१ मध्ये ली क्रॉनबाख याने एका प्रश्नावलीतील सर्व प्रश्न एकाच दिशेला बोट दाखवतात का, हे तपासणारा गुणांक लोकप्रिय केला. १९६६ मध्ये एल्किन्टन या संपादकाने एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात 'वैद्यक आणि जीवनगुणवत्ता' या विषयावर संपादकीय लिहिले, तेव्हा साधने हाताशी होती. प्रश्न नुकता उपस्थित होत होता.

१४/ येथे एक भेद स्पष्ट करू. 'जीवनमान' म्हटले की आपल्याला उत्पन्न, घर, वीज, नळ आठवतो. 'जीवनगुणवत्ता' ही संज्ञा माणसाला स्वतःचे जगणे कसे वाटते, याविषयी आहे. पहिले बाहेरून मोजता येते; दुसरे त्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. ही गोष्ट आज उघड वाटते. परंतु वैद्यकाला ती मान्य होण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले.

१५/ १९८२ चा एक छोटा ब्रिटिश अभ्यास त्या बदलाची खूण मानला जातो. जाचुक आणि सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ७५ रुग्णांबाबत तिघांना एकच प्रश्न विचारला : उपचारानंतर जगणे सुधारले का? डॉक्टर म्हणाले, सर्वांचे सुधारले. रुग्णांपैकी ४८ टक्के म्हणाले, सुधारले. आणि घरच्यांनी मात्र एक अपवाद वगळता सर्वांचे बिघडले, असे सांगितले. रक्तदाबाचा आकडा एकच होता. साक्षीदार तीन होते. बखर, फर्मान आणि पोवाडा एकाच प्रसंगाविषयी तीन गोष्टी सांगतात, हे जाणणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला या निष्कर्षाचे नवल वाटू नये.

१६/ यानंतर साधनांचा पूर आला. १९९२ मध्ये अमेरिकेत ३६ प्रश्नांची सर्वसाधारण आरोग्य-प्रश्नावली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी कॅनडात एलिझाबेथ ज्युनिपर आणि सहकाऱ्यांनी दम्यासाठी ३२ प्रश्नांचे साधन मांडले. १९९४ मध्ये कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी त्वचारोगांसाठी दहा प्रश्नांची सूची केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ पासून १५ केंद्रांत एकाच वेळी एक प्रश्नावली घडवण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात दिल्ली आणि मद्रास ही केंद्रेही होती. दमा, त्वचा, सर्दी, सर्वांना आपापली पट्टी मिळाली. औषधांची ॲलर्जी तेवढी वगळली गेली. का?

१७/ माझ्या मते कारण काळाच्या चौकटीत आहे. त्वचेची सूची विचारते : गेल्या आठवड्यात काय झाले? दम्याची प्रश्नावली : गेल्या दोन आठवड्यांत? ३६ प्रश्नांची सर्वसाधारण प्रश्नावली : गेल्या चार आठवड्यांत? औषधाची ॲलर्जी असलेल्या माणसाला गेल्या चार आठवड्यांत काहीच झालेले नसते, कारण त्याने ते औषध घेतलेलेच नसते. तो जिने चढतो, बाजारात जातो, नोकरी करतो. प्रश्नावलीत त्याला उत्तम गुण मिळतात. त्याचा आजार भूतकाळात एकदा घडून गेला आणि भविष्यकाळात दबा धरून बसला आहे. वर्तमानकाळाच्या चाळणीत तो सापडत नाही.

१८/ हा आजार मोजायचा तर वेगळे प्रश्न हवेत. नवी गोळी तोंडात टाकताना काय वाटते? उद्या मोठे दुखणे आले तर आपल्यावर उपचार होतील का, ही शंका सतावते का? इतर माणसांहून आपण वेगळे, उणे आहोत असे वाटते का? आपले म्हणणे डॉक्टर गांभीर्याने घेतात का? २०११ मध्ये इटलीतील संशोधकांनी, इलारिया बायार्दिनी आणि सहकाऱ्यांनी, या दिशेने विचार करून खास औषध-अतिसंवेदनशीलतेसाठी १५ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पिर्केने शब्द दिल्यापासून रुग्णाच्या जगण्याची पट्टी हाती येईपर्यंत १०५ वर्षे गेली होती.

१९/ अशी प्रश्नावली घडते कशी? प्रथम रुग्ण आणि तज्ज्ञ यांच्याकडून त्रासांची लांबलचक यादी जमवली जाते. मग पुनरुक्ती आणि संदिग्धता गाळली जाते. उरलेले प्रश्न मोठ्या गटाला देऊन सर्व विधाने एकाच गाभ्याकडे निर्देश करतात का, हे क्रॉनबाखच्या गुणांकाने पाहिले जाते. प्रकृतीत बदल नसताना काही दिवसांनी तोच माणूस तेच उत्तर देतो का, हेही तपासले जाते. शेवटी निराळ्या, आधीच मान्य असलेल्या साधनांशी ताळमेळ घातला जातो. कागदपत्राची अंतर्गत आणि बहिर्गत चिकित्सा आपण करतो, तिच्याशी ही रीत पुष्कळ जुळते.

२०/ पट्टी हाती आल्यावर जे दिसले ते विचार करण्यासारखे होते. ही प्रश्नावली पुढे तुर्की, पोर्तुगीज, स्पॅनिश, थाई अशा भाषांत गेली. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चाचणी होऊन 'ॲलर्जी नाही' किंवा 'हे पर्यायी औषध तुम्हाला सुरक्षित आहे' असे कळलेल्या रुग्णांचे गुण सुधारल्याचे आढळले. निदान हाच येथे एक प्रकारचा उपचार ठरतो. परंतु चाचणीत निर्दोष ठरूनही काही जण ते औषध टाळतच राहतात. केसपेपरवरची ओळ खोडली जाते, मनावरची राहते. हा फरक रक्ताच्या तपासणीत दिसला नसता.

२१/ ती ओळ किती जणांच्या बाबतीत खरी असते? अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्णांच्या दप्तरी पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद असते. रीतसर तपासणी केल्यास त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक जण ते औषध सोसू शकतात. बालपणी विषाणूमुळे उठलेले पुरळ पुष्कळदा औषधाच्या माथी मारलेले असते. खरी ॲलर्जीही दहा वर्षांत बहुतेकांची ओसरते. या नोंदीची किंमत नुसती मानसिक नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात अशी नोंद असलेल्यांत औषधांना न जुमानणाऱ्या 'एमआरएसए' जंतूचा धोका ६९ टक्क्यांनी, तर 'क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल' या आतड्यांच्या संसर्गाचा २६ टक्क्यांनी अधिक आढळला. साधे औषध वर्ज्य झाले की भारी औषधे वापरावी लागतात, त्याचा हा परिणाम.

२२/ परंतु म्हणून प्रत्येकाचे भय निराधार मानणे हा दुसरा अन्याय होईल. १९२२ मध्ये स्टीव्हन्स आणि जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधील दोन मुलांच्या ज्या भयंकर त्वचारोगाचे वर्णन केले आणि १९५६ मध्ये लायेल यांनी त्वचा भाजल्यासारखी सोलून निघणाऱ्या ज्या अवस्थेची नोंद केली, त्यांचे एक प्रमुख कारण औषधे हेच आहे. अशा रुग्णाला तेच औषध पुन्हा देऊन पाहण्याचा प्रश्नच येत नाही. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी कार्बामाझेपीन या फिटच्या औषधामुळे होणाऱ्या अशा रोगाचा संबंध एका विशिष्ट जनुक-प्रकाराशी दाखवला. काहींचे भय ओझे असते, काहींचे कवच असते. गुणांक दोघांचा सारखा येऊ शकतो. अर्थ सारखा नसतो. ॲलर्जीची शंका असताना घरी स्वतःहून औषध घेऊन पाहू नये, हे येथे निक्षून सांगतो. तो निर्णय तज्ज्ञांचा.

२३/ आपल्याकडचे दप्तर काय सांगते? २०१० मध्ये भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम सुरू झाला. दुष्परिणाम नोंदवण्याच्या त्याच्या अर्जात मृत्यू, जिवावरचा धोका, रुग्णालयात दाखल होणे, अपंगत्व अशा गांभीर्याच्या खुणा आहेत. हे काम मोलाचेच आहे. परंतु तोही घटनेचाच अर्ज आहे. रिॲक्शननंतर पंधरा वर्षे जी बाई डोके दुखले तरी गोळी घेत नाही, दात किडला तरी डॉक्टरकडे जात नाही, तिच्यासाठी त्यात रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते अभिलेखागारात जात नाही, आणि जे तेथे गेले नाही ते उद्याच्या इतिहासकाराला सापडत नाही.

२४/ त्यात आपली स्वतःची गुंतागुंत आहे. एकच औषध अनेक व्यापारी नावांनी मिळते; एका गोळीत दोन-तीन औषधे असतात. रुग्णाला आठवते ते 'ती लांबुळकी गुलाबी गोळी' किंवा 'तापावर दिलेले इंजेक्शन'. मग पाकिटात घडी करून ठेवलेली चिठ्ठी, मुलाच्या मोबाइलमधला फोटो, सासूने सुनेला दिलेली ताकीद, हीच आपली ॲलर्जीची दप्तरे होतात. औषधाचे नाव ठाऊक नसले की भय एका औषधापुरते राहत नाही. ते सगळ्या औषधांवर पसरते. इटलीत घडलेल्या १५ विधानांत या परिस्थितीचे प्रतिबिंब किती पडेल, हे विचारणे आवश्यक आहे.

२५/ बाहेरची मोजपट्टी थेट लावण्याचे परिणाम महाराष्ट्राने पूर्वी पाहिले आहेत. १८२८ च्या सुमारास प्रिंगल याने दख्खनमध्ये शेतसाऱ्यासाठी जमिनीची पाहणी केली. खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न काढण्याचे त्याचे सूत्र अर्थशास्त्राच्या पुस्तकात सुबक होते. गावच्या वास्तवाशी ते जुळले नाही. आकारणी पेलेना तेव्हा शेतकरी जमिनी सोडून गेले. अखेर १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विन्गेट यांना नव्याने, अधिक साधी पाहणी करावी लागली. मापन तटस्थ दिसते. पण चुकीची पट्टी माणसांवर भार टाकते.

२६/ भाषांतराचा प्रश्न येथेच येतो. पाश्चात्त्य प्रश्नावलीतील एकाच भावनेला मराठीत काळजी, चिंता, भीती, धास्ती, धसका असे किती शब्द आहेत! धास्ती पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीची असते. धसका घडून गेलेल्या गोष्टीचा घेतला जातो. औषधाच्या ॲलर्जीत दोन्ही असतात. एखाद्या आजींना 'आपणांस चिंता वाटते का?' असे विचारले तर 'चिंता कसली, देव आहे' असे उत्तर येण्याचा संभव अधिक. त्याच आजींना 'गोळी घेण्याआधी छातीत धडधडते का? गोळी घेतल्यावर घरात कोणी असावे असे वाटते का?' असे विचारले तर निराळे उत्तर मिळेल. शिवाय लिहिता-वाचता न येणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवले, तर उत्तरात वाचणाऱ्याचा धाकही मिसळतो.

२७/ मग आकडा हवाच कशाला, असे कोणी विचारेल. उत्तर इतिहासातच आहे. मृत्यूंची संख्या मोजली गेली म्हणून इंजेक्शनानंतर रुग्णाला थोडा वेळ थांबवून ठेवण्याची शिस्त आली. रिॲक्शन मोजल्या गेल्या म्हणून औषध-दक्षतेची यंत्रणा उभी राहिली. जे मोजले जाते त्यासाठी व्यवस्था निर्माण होते, त्यासाठी पैसा दिला जातो. ॲलर्जीच्या चाचणीची सोय मोठ्या शहरांबाहेर दुर्मीळ असताना, ती जिल्हा पातळीवर का हवी हे सांगणाऱ्याच्या हाती केवळ मृत्यूचा आकडा असेल तर 'एवढ्या थोड्यांसाठी?' असे उत्तर मिळेल. जगण्यावरच्या भाराचा आकडा असेल तर तो वाद वेगळ्या पायावर उभा राहील.

२८/ या सव्वाशे वर्षांत साक्षीदार कसे बदलत गेले, ते पाहून हा धागा संपवतो. रिशेचा साक्षीदार कुत्रा होता. पिर्केचा साक्षीदार मुलाचे अंग होते. इशिझाकांचा साक्षीदार रक्त होते. कार्नोफ्स्कीचा साक्षीदार डॉक्टर होता. सर्वांत शेवटी रुग्णाला साक्षीला बोलावले गेले, आणि तेही १५ विधानांच्या चौकटीत. ती चौकट अपुरी आहे, परंतु तिच्यात पहिल्यांदाच त्याच्या हाती पेन आले आहे.

२९/ आपल्या घरात, आप्तांत अशी लाल ओळ वागवणारे कोणी असेल तर एवढे अवश्य करा : कोणते औषध, कोणत्या वर्षी, किती वेळाने, नेमके काय झाले, हे त्यांच्याकडून विचारून लिहून ठेवा. औषधाचे मूळ नाव लिहा, केवळ कंपनीचे नव्हे. तो कागद डॉक्टरांना उपयोगी पडेल. आणि त्यानंतर त्यांनी काय काय टाळले, हेही विचारा. ते कोणत्याही दप्तरात नाही.

धागा समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि आपल्याकडील जुन्या केसपेपरांच्या हकिगती खाली अवश्य लिहा. नावे मात्र लिहू नका.